धारचं मखर

कृतिका : …म्हणून म्हणते, आईसाहेब, ही पेटी आजपासून माळ्यावर. कैची, कटर, रंगीत कागद, सगळं. मुलं मोठी झाली की काढू.

भवानीबाई : ठेवा.

कृतिका : ठेवू?

भवानीबाई : ठेवा, सूनबाई. स्टूल घ्या मात्र. त्या खुर्चीवर चढू नका, तिचा पाय हलतो.

कृतिका : मला वाटलं तुम्ही नाराज व्हाल.

भवानीबाई : रणवीर उठला का?

कृतिका : उठला. दूध पितोय. हात दुखतो बोलला थोडा. चिऊ बसली आहे त्याच्याजवळ.

भवानीबाई : पट्टी भिजू देऊ नका. आंघोळीच्या वेळी वर पिशवी बांधा.

कृतिका : हे बघा, मला पण चांगलं नाही वाटत असं बोलायला. पण चार वर्षांचं पोर आहे. मी बँकेत कॅशवर बसलेली, समोर ही लाइन, आणि फोन येतो की तळहात कापला, टाके घालतायत. माझं डोकंच सुन्न झालं. तुमचा शौक आहे, ठीक आहे, मी कधी टोकलं? दिवाणभर कागदाचे तुकडे, चिऊच्या केसांत गोंद…

भवानीबाई : खळ. मैद्याची खळ असते ती. धुतली की निघते.

कृतिका : हां, खळ. नाही ना बोलली कधी? पण कटर असं सोफ्यावर सोडून द्यायचं म्हणजे…

भवानीबाई : ती निळी साडी देता का? तुमच्या मागं आहे.

कृतिका : ही घ्या. ही बॅग कशाला काढलीत?

भवानीबाई : धारला जाते आहे. इथून इंदूर, मग गंगवाल स्टँडवरून धारची बस. जेवायच्या वेळेला घरी पोचते.

कृतिका : आज? एकदम? आबासाहेबांची तब्येत?

भवानीबाई : त्यांची तब्येत उत्तम आहे. सकाळी फोन केला तर म्हणाले, येताना देवासहून काही आणू नको, नुसती ये.

कृतिका : मग सोमवारपर्यंत याल ना? मी आजचीच सुट्टी घेतली आहे. बँकेत ऑडिट चालू आहे, मॅनेजर आधीच तोंड फुगवून बसलेत.

भवानीबाई : सोमवारचं काही सांगत नाही.

कृतिका : म्हणजे?

भवानीबाई : म्हणजे गणपतीपर्यंत तरी नाही.

कृतिका : आईसाहेब, गणपतीला महिना आहे!

भवानीबाई : हो. मखराला महिना लागतोच. गल्लीतला गणपती मोठा असतो.

कृतिका : कालच्या बोलण्याचा राग आला तुम्हाला.

भवानीबाई : घरी बोललात त्याचा नाही. आईचा जीव आहे, बोलणारच. दवाखान्यात बोललात ते लागलं.

कृतिका : काय बोलली मी दवाखान्यात?

भवानीबाई : डॉक्टरांनी विचारलं, कसं कापलं? तुम्ही म्हणालात, घरात म्हातारी बाई आहे, तिला कागद कापायचा नाद लागला आहे. मी शेजारीच उभी होते, रणवीरला कडेवर घेऊन.

कृतिका : तसं नव्हतं मला म्हणायचं. म्हणजे, टेन्शनमध्ये निघून गेलं तोंडातून.

भवानीबाई : असेल. टेन्शनमध्ये मनातलंच निघतं.

कृतिका : बरं, चुकलं माझं. पेटी राहू दे खाली. पण त्यासाठी घर सोडून जायचं?

भवानीबाई : घरीच जाते आहे. माझं घर धारला आहे, सूनबाई. चिऊ तीन महिन्यांची होती तेव्हा तुम्ही म्हणालात, नोकरीवर परत जायचं आहे, चार महिने या. मी आले. मग चिऊची शाळा सुरू झाली, मग रणवीर झाला. तुमचे सासरे तिकडे डबा लावून जेवतात आणि रविवारी बसनं इकडे येतात. या वयात मी नवऱ्याला पाहुण्यासारखी भेटते.

कृतिका : आम्ही तर किती वेळा बोललो त्यांना, इथेच या राहायला.

भवानीबाई : बोललात. ते येणार नाहीत. त्यांचा सकाळचा देव तिथं, दुपारचा पत्त्यांचा डाव तिथं. शेजारच्या कृष्णाजींशी भांडल्याशिवाय त्यांना अन्न पचत नाही. त्यांना कुणी चूक म्हणत नाही. मीच तेवढी दोन्हीकडची.

कृतिका : आणि हे मखर कधी ठरलं?

भवानीबाई : गेल्या वर्षी गणपतीला चार दिवस गेले होते ना, तेव्हा सहज हात लावला. थर्माकोल बंद झालाय, बायका नुसत्या पताका लावत होत्या. मी कागदाचं एक कमळ केलं, मग दुसरं केलं. शेवटी सगळ्या येऊन बसल्या, पाकळ्या कापायला. यंदा त्यांचा आषाढातच निरोप होता की महिनाभर आधी या, पूर्ण दरबार करू, कमानी, झुंबरं, झालर. मी नाही म्हटलं.

कृतिका : सांगितलं का नाही मला?

भवानीबाई : विचारलं असतं तर सांगितलं असतं.

(चिऊ दारात येऊन उभी राहते.)

चिऊ : मम्मी, रणवीरनी पूर्ण दूध ढोळलं. फरशीवर. आणि तो बोलतो की मी ढोळलं, मी नाही ढोळलं.

कृतिका : आले मी. फडकं टाक त्याच्यावर.

चिऊ : आजी, तुझा डब्बा मम्मीनी का उचलला? आपल्याला तर मोर बनवायचा होता ना आज?

भवानीबाई : मोर नंतर करू, बाळा.

चिऊ : पर तू बोलली होतीस आज. सगळे पंख मी कापून ठेवले.

कृतिका : चिऊ, आता घरात कापाकापी बंद. भैयाला लागलं बघितलं ना? कटर आजीच्या डब्याबाहेर राहिलं म्हणून लागलं.

चिऊ : आजीनी नव्हतं ठेवलं. आजी तर नेहमी कडी लावते डब्याला. बाबांनी घेतलं होतं, जूत्यांचा पार्सल आला ना, त्याची टेप कापायला. मग ते तिथेच सोफ्यावर जूते घालून चालून बघत होते.

भवानीबाई : चिऊ, जा. रणवीर एकटा आहे.

चिऊ : सच्ची बोलते मी.

भवानीबाई : माहीत आहे. जा तू. फडकं कोरडं घे, ओलं नको.

कृतिका : आईसाहेब.

भवानीबाई : ती चेन जरा ओढता का बॅगेची? माझ्यानं सरकत नाही.

कृतिका : तुम्हाला माहीत होतं?

भवानीबाई : मी गॅसवर खळ ढवळत होते. रणवीर ओरडला, धावत आले तर कटर सोफ्यावर आणि खाली खोक्याची चिकटपट्टी. कळायला काय लागतं?

कृतिका : मग बोलला का नाहीत? मी काल तुम्हाला इतकं काही बोलली. हे पण तिथेच होते दवाखान्यात. चुपचाप उभे होते!

भवानीबाई : त्यालाही आठवलं होतं. माझ्याकडे एकदा बघितलं त्यानं आणि मग मोबाईल काढला. मुलगा आहे माझा. लहानपणी विटीदांडू खेळताना आरसा फोडला तेव्हाही असाच भिंतीकडे बघत उभा होता.

कृतिका : मी आत्ता फोन लावते त्यांना.

भवानीबाई : नका लावू. शिफ्टमध्ये आहे, मशीनवर हात असतो. संध्याकाळी घरात बोला, दार लावून बोला.

कृतिका : तुम्ही त्यांना वाचवताय.

भवानीबाई : नाही. वाचवायचं असतं तर मी इथं राहिले असते. तुमच्या दोघांत माझ्या तोंडून आग लागायला नको, एवढंच. लेकीनं सांगितलं, ते ठीक झालं. तिचं कुणी वाईट घेणार नाही.

कृतिका : आईसाहेब, सॉरी. खरंच सॉरी. मी डॉक्टरसमोर, मी नर्ससमोर… छी. ही पेटी घ्या, मी खाली काढते. आणि ती बॅग राहू द्या. आता तर काही प्रश्नच नाही ना?

भवानीबाई : आहे.

कृतिका : आता काय? चूक तुमची नव्हती, मी मान्य केलं.

भवानीबाई : निर्दोष सुटले, आता पुन्हा कामावर रुजू व्हा, असंच ना?

कृतिका : मी असं नाही म्हटलं.

भवानीबाई : नाही म्हटलंत. पण बघा, कटर माझ्या हातून राहिलं असतं तर? राहूही शकतं. एक पोर अंगावर, एक पोर अभ्यासाला, गॅसवर दूध. एका दुपारी चुकले असते, तर मी म्हातारी नादिष्ट बाई. आणि चुकले नाही, तर काहीच नाही. चुकेपर्यंत कुणाच्या लक्षातही येत नाही की इथं कुणी बसलेलं आहे.

कृतिका : मुलांचं करायचा कंटाळा आला होता तर सांगायचं होतं.

भवानीबाई : मुलांचा कंटाळा नाही हो. चिऊबरोबर कागद कापताना मला माझी दुपार परत मिळाली होती. ती तेवढीच होती, तीही तुम्ही माळ्यावर टाकायला निघालात. आणि मी ‘ठेवा’ म्हणाले, तेव्हा मला माझंच नवल वाटलं. भांडावंसंही वाटलं नाही. सकाळी नुसतं ठरवलं होतं, तेव्हा पक्कं झालं.

कृतिका : मला जमणार नाही, आईसाहेब. सरळ सांगते. सकाळी नऊला मी निघते, हे कधी पहिल्या शिफ्टला, कधी रात्रपाळीला. बदनावरला माझी आई स्वतःच गुडघ्यांनी बसली आहे. मुलांना काय झूलाघरात टाकू?

भवानीबाई : टाका. तुमच्या बँकेच्या मागच्या गल्लीत आहे एक पाळणाघर. मी बघून आले आहे, भाजीला गेले होते तेव्हा. बाई स्वच्छ आहेत, मुलांवर ओरडत नाहीत. चिऊची शाळेची व्हॅन तिथं थांबते.

कृतिका : बघून पण आलात?

भवानीबाई : श्रावणाच्या आधीच.

कृतिका : म्हणजे कालचं झालं नसतं तरी…

भवानीबाई : काय माहीत. कदाचित गेलेही नसते. बघून यायची आणि गप्प बसायची. पुष्कळ वर्षं तसंच केलं आहे.

कृतिका : आणि यांचं काय? यांना तर मुलांचं एक काम येत नाही. रणवीरला भाताबरोबर काय देतात ते पण माहीत नाही.

भवानीबाई : कसं माहीत असणार? मी होते ना. मी त्याची आई म्हणून घरात राहिले, आणि त्याला बाप व्हायची गरजच पडली नाही. कायम पहिली शिफ्ट मागून घे म्हणावं. त्याच्या बरोबरीचा अंकित घेतो, त्याची बायको शिक्षिका आहे. मागितलं तर मिळतं.

कृतिका : तुम्ही सांगा त्यांना.

भवानीबाई : ते तुम्ही सांगा. माझी बस आहे.

(गणपतीच्या आदल्या संध्याकाळी, फोनवर.)

कृतिका : आईसाहेब, फोटो पाहिले. तो मधला झुंबर पण कागदाचाच आहे?

भवानीबाई : सगळं कागदाचं. तुमचे सासरे शिडीवर चढून बांधत होते, कृष्णाजी खालून सूचना करत होते. दोघं तेवढ्यावरून तीनदा भांडले. तुम्ही कशा आहात?

कृतिका : चालू आहे. पहिला आठवडा खूप वाईट गेला. मी यांच्याशी बोललीच नाही चार दिवस. मग बोललो. आता पहिली शिफ्ट मिळाली आहे, तीनला मुलांना घेऊन येतात. काल यांनी वरणाला फोडणी दिली, हिंग विसरले.

भवानीबाई : खाल्लं ना मुलांनी?

कृतिका : खाल्लं. चिऊ बोलली, आजीचं बेटर असतं. हे म्हणाले, मला पण माहीत आहे.

भवानीबाई : त्यानं मला फोन केला होता परवा. बराच वेळ हवापाण्याचं बोलला. मग म्हणाला, आई, त्या दिवशी मी गप्प बसायला नको होतं.

कृतिका : मग तुम्ही काय म्हणालात?

भवानीबाई : काय म्हणणार? ऐकून घेतलं. म्हटलं, टाके काढायला तू गेलास का? तर म्हणाला, मीच गेलो होतो.

कृतिका : हो, हेच गेले होते. आईसाहेब, एक विचारू? विसर्जनानंतर याल ना?

भवानीबाई : येईन की. चार दिवस येईन. नवरात्रात पुन्हा इथं काम आहे, देवीच्या कमानीचं. कुक्षीहूनही एक बाई विचारायला आल्या होत्या.

कृतिका : चारच दिवस.

भवानीबाई : चार दिवस आजी म्हणून येईन. सूनबाई, एक सांगा.

कृतिका : हां?

भवानीबाई : रणवीर तिथं दुपारी झोपतो का?

कृतिका : झोपतो. पहिले काही दिवस खूप रडला. आता झोपतो.

भवानीबाई : माझं नाव घेतो झोपताना?

कृतिका : आधी घ्यायचा. आता नाही घेत, म्हणे त्या बाई.

भवानीबाई : बरं झालं.