बिल्डिंगमधले काका

अपूर्वा : आई, हे काय? ब्रेड?

सुगंधा : ब्रेडच. कितीही डोळे चोळलेस तरी ब्रेडच राहणार. मी पण दोनदा बघितला.

अपूर्वा : रविवारी? आपल्या घरात?

सुगंधा : बाबा सकाळी सातला उठले, चपला घातल्या आणि कोपऱ्यावरच्या डेअरीतून घेऊन आले. वर मला म्हणतात, मस्का आहे ना घरात, मग झालं.

अपूर्वा : आणि घावणे?

सुगंधा : ते मला विचारतेस? बाबा रिटायर झाले त्याला नऊ वर्षं झाली. नऊ वर्षांत रविवारचा तवा मला शिवू दिलेला नाही. अंगात ताप असला तरी घावणे. लॉकडाऊन होतं तरी घावणे. समोरच्या शर्मिष्ठाच्या लग्नात हॉलवर नाश्ता होता, तरी आपण घरून घावणे खाऊन निघालो, आठवतंय ना? आणि आज ब्रेड. काल जायच्या आधी तांदूळ स्वतः भिजवून गेले होते. ते बघ पातेल्यात, फुगून बसलेत बिचारे.

अपूर्वा : कुठे आहेत आता?

सुगंधा : गॅलरीत. पेपर धरलाय, पण अर्ध्या तासात पान उलटलेलं नाही. काल आल्या आल्या विचारलं, कशी वाजवते हो आपली पोरगी? तर म्हणाले, झकास. आणि झोपले. अगं, डबलबारीचं भजन ऐकून आले की हा माणूस दोन तास मला झोपू देत नाही. कुठल्या बुवाने काय गायलं, समोरच्याने त्याला काय उत्तर दिलं, पखवाज कुठे चुकला, सगळं सांगून होतं तेव्हा कुठे लाइट बंद. आणि काल एकच शब्द? काय झालं तिथे?

अपूर्वा : म्हणजे तुला माहीत होतं ते येणारेत?

सुगंधा : शर्टाला इस्त्री मीच केली.

अपूर्वा : मग मला सांगायचंस ना यार!

सुगंधा : सांगितलं की तू नको म्हणतेस. दोन वर्षं झाली, दर शनिवारी अंधेरीच्या हॉटेलात ड्रम वाजवायला जातेस. दर वेळी ते विचारतात, येऊ काय गो एकदा? आणि दर वेळी तुझं काहीतरी असतं. आज गर्दी आहे. आज पास नाहीत. तिथे एसी फार आहे, तुम्हाला खोकला होईल. शेवटी खालच्या प्रांजलला धरून तिकीट काढलं त्यांनी. अंधेरीतल्या एसीला घाबरणारा माणूस आहे का तो? जन्मभर बस चालवलीय त्याने, या शहरातली.

अपूर्वा : आणि नारळ?

सुगंधा : तो पण मीच दिला. कानाशी हलवून, पाणी वाजतंय ना बघून. का? खराब निघाला?

अपूर्वा : आई, जॅझच्या प्रोग्रामला कोणी नारळ नेतं का?

सुगंधा : आम्हाला काय माहीत काय नेतात? तू नेलंस का कधी?

अपूर्वा : गेटवर बॅग तपासतात गं. ते मशीन फिरवतात अंगावरून. नारळाला वाजलं नसणार ते.

सुगंधा : मशीनचं राहू दे. पुढे सांग. नीट सांग, पहिल्यापासून.

अपूर्वा : माझा सोलो होता. म्हणजे बाकीचे सगळे थांबतात आणि मी एकटी वाजवते. मस्त चाललं होतं. मध्ये मी बाबांचे पखवाजाचे बोल घेतले, तिट कत गदि गन. मी शाळेत असताना ते घावणे करायचे आणि मी पिठाच्या डब्यावर वाजवायचे ना, ते. तिथे कोणाला कळत नाही हे कुठून आलं, पण लोकांना आवडतं. आणि वाजवता वाजवता समोर बघते तर पांढरा शर्ट, डोक्यावर टोपी, दोन्ही हातात नारळ. बाबा! टेबलांच्या मधून सरळ माझ्याकडे चालत येतायत.

सुगंधा : मग बरोबरच आहे त्यांचं. मंडळात पखवाजवाल्याचा हात रंगला की उठून त्याच्यापुढे नारळ ठेवतात. तो वाजवत असतानाच. बाबांना आख्ख्या जन्मात दोनदा मिळाला. दोन्ही करवंट्या अजून माळ्यावर आहेत, मला टाकू देत नाहीत.

अपूर्वा : मला माहीत आहे गं! पण तिथल्या लोकांना कुठे माहीत? आणि त्या स्टेजला उतार आहे. बाबांनी नारळ ठेवला, नमस्कार केला, आणि तो गडगडत आला आणि मोठ्या ड्रमवर धप्पकन आपटला. सगळा हॉल हसला. लोकांनी मोबाइल काढले. मॅनेजर धावत आला, त्याने बाबांचा दंड धरला आणि मला विचारलं, इनको जानती हो?

सुगंधा : मग?

अपूर्वा : मग काय...

सुगंधा : अपू, मग?

अपूर्वा : मी म्हटलं, आमच्या बिल्डिंगमधले काका आहेत.

(सुगंधा चहाखालचा गॅस बंद करते.)

अपूर्वा : आई, बोल ना काहीतरी. ओरड तरी.

सुगंधा : त्यांनी ऐकलं?

अपूर्वा : दोन हातांच्या अंतरावर उभे होते.

सुगंधा : बरं.

अपूर्वा : विचार करून नाही बोलले गं मी. तोंडातून निघून गेलं. सगळे हसत होते, शूट करत होते, मला फक्त वाटत होतं की हे लवकर संपू दे. शो संपल्यावर शोधलं, तर निघून गेलेले. घरी आले तर झोपलेले. म्हणजे भिंतीकडे तोंड करून पडलेले. मला कळतं ना झोपलेला माणूस कसा दिसतो.

सुगंधा : मला सांगून काय उपयोग? मी तर बिल्डिंगमधली काकू. जा, त्यांना सांग.

धोंडू : कोणाला काय सांगायचं ता इथेच सांगा. मी आलोय. चहा झाला काय गो?

सुगंधा : झाला. बसा.

धोंडू : आणि तो ब्रेड भाजा कोणीतरी. पिशवीतच ठेवलात तो.

अपूर्वा : बाबा, आज घावणे का नाही केलेत?

धोंडू : घावणे घरच्या माणसाने करायचे असतात. बिल्डिंगमधला काका सकाळी उठून दुसऱ्याच्या तव्याला कसा हात लावणार? फार तर खाली जाताना विचारेल, काकी, ब्रेड आणू काय? आणला.

अपूर्वा : बाबा, सॉरी.

धोंडू : सॉरी कशाला? काकाला कोण सॉरी म्हणतं?

अपूर्वा : असं नका ना बोलू. चुकलं माझं. मला लाज वाटली तुमची. तेवढं एक मिनिट वाटली, आणि तेव्हापासून माझी मलाच वाटतेय. झोप नाही मला रात्रभर.

धोंडू : लाज वाटली ता समजू शकतो मी. मी पण लाजलो. नारळ असा पळत सुटेल असं कोणाला वाटलेलं? एवढं मोठं हॉटेल बांधतात, मगे जमीन सरळ करायला काय होतं त्यांना?

सुगंधा : विषय बदलू नका.

धोंडू : बदलत नाय. मी रागावलोय ता वेगळ्यासाठी.

अपूर्वा : कशासाठी?

धोंडू : तू हात थांबवलास.

अपूर्वा : काय?

धोंडू : नारळ समोर आला आणि तुझा हात थांबला. का? नारळ आला की वाजवणाऱ्याने मान हलवायची, बस. हात चालू. हेच शिकवलं काय मी तुला? एकदा आमच्या डबलबारीत अर्ध्या भजनात मांडवाची कनात समोरच्या बुवाच्या डोक्यावर पडली, वर लाइट गेली. माझी सम चुकली नाय. आणि तू गदिवर सोडून दिलंस! तिट कत गदि, आणि पुढे काय नाय! रात्रभर त्या गनची वाट बघत पडलोय मी.

सुगंधा : घ्या! मी इथे समजतेय, माणसाचं काळीज मोडलं. आणि यांचा ठेका मोडलाय!

धोंडू : दोन्ही मोडलंय. खोटं कशाला बोलू?

अपूर्वा : थांबा. एक मिनिट थांबा दोघंही.

धोंडू : आता मोबाइलमध्ये काय करतेस? चहा पी आधी, निवला तो.

अपूर्वा : आमच्या बँडच्या ग्रुपवर लिहितेय. वाचू? 'काल नारळ घेऊन आले होते ते माझे बाबा, धोंडू परब. तीस वर्षं भजनात पखवाज वाजवला त्यांनी. माझ्या सोलोमध्ये तुम्हाला जे आवडतं ते त्यांचं आहे. काल मी खोटं बोलले.' पाठवलं.

धोंडू : रविवारी सकाळी लोकांना कशाला ताप? झोपले असतील पोरं.

सुगंधा : असू देत. उठतील.

अपूर्वा : एक जण उठलाय. हर्षद. आमचा सॅक्सोफोनवाला.

धोंडू : म्हणजे तो पिपाणीवाला? त्याचा दम चांगलाय.

सुगंधा : काय लिहिलंय? अगं, मनातल्या मनात काय वाचतेस? मोठ्याने वाच. आम्ही काय बिल्डिंगमधले?

अपूर्वा : लिहितो, 'मला वाटलंच होतं. मी त्यांना गेटपर्यंत सोडायला गेलो होतो. विचारलं, तुम्ही अपूर्वाचे कोण? तर म्हणाले, मी कोणी नाही, तिच्या बिल्डिंगमधला. पण मग पाच मिनिटं माझा हात धरून सांगत होते, पोरगी एकटी रिक्षाने येते, घरी चारकोपपर्यंत कोणीतरी सोबत जात जा. कोणी नसलेला माणूस एवढं सांगत नाही.'

सुगंधा : हे तुम्ही मला सांगितलं नाहीत.

धोंडू : काय सांगायचं त्यात?

अपूर्वा : बाबा, तुम्ही का असं बोललात? तुम्ही तरी खरं सांगायचं ना त्याला.

धोंडू : कसं सांगणार? तू आत एक सांगून बसलेलीस. मी बाहेर येऊन दुसरं सांगितलं असतं, तर खोटी कोण ठरली असती?

अपूर्वा : बाबा...

धोंडू : ए, रडू नको. ब्रेड भिजेल.

सुगंधा : आणि मला येऊन काय सांगतात, तर झकास!

धोंडू : झकासच होतं गो! तुला काय सांगू? सगळी डबलबारीच ती. एक जण बोलतो, दुसरा त्याला उत्तर देतो, मगे पहिला परत त्याच्यावर चढतो, आणि शेवटी सगळे मिळून समेवर. फक्त मध्ये कोणी देवाचं नाव घेत नाय, आणि ऐकणारे जेवत असतात. ता माका पटलं नाय. समोर माणूस जीव काढून वाजवतोय आणि हे पापड मोडतायत. पण आपली पोरगी... सगळ्यांच्या मागे बसते, पण सगळे तिच्या हातावर चालतात. तो पिपाणीवाला उडून गेला होता कुठच्या कुठे, हिने त्याला बरोबर ओढून आणला. आणि मगे एकटी वाजवायला लागली, आणि त्यात ता आलं, तिट कत. माझं. एसीतल्या हॉटेलात, अंधेरीला. मला बसवेना. नारळ तसा मी शेवटी देणार होतो, सगळं झाल्यावर. पण पाय उठले माझे.

सुगंधा : हे काल रात्री सांगायला काय झालं होतं?

धोंडू : काल मी काका होतो.

अपूर्वा : परत नाही ना म्हणणार तसं?

धोंडू : बघू. नारळ कुठे आहे? ठेवला तिथेच?

अपूर्वा : माझ्या बॅगेत आहे, काठ्यांबरोबर. मॅनेजर किचनमध्ये पाठवत होता, मी नाही दिला.

धोंडू : नाय दिलास?

अपूर्वा : माझा मानाचा नारळ आहे तो. पहिला. देणार होते का मी?

धोंडू : सुगंधा, ऐकलंस?

सुगंधा : ऐकलं. आता डोळे पुसा आणि कोयता घ्या. मानाचा नारळ फोडून खायचा असतो. रस काढते, गूळ आहे घरात.

धोंडू : तू कशाला काढतेस? तू बाजूला हो. तांदूळ पण मीच वाटणार. मागच्या खेपेला तू वाटलेलेस, घावण्याला जाळी पडली नव्हती.

सुगंधा : नऊ वर्षांपूर्वी!

धोंडू : मगे? विसरलो नाय.

सुगंधा : आणि या ब्रेडचं काय करू?

धोंडू : खालच्या मार्तंडला देऊन ये. तो खराच बिल्डिंगमधला काका आहे.

अपूर्वा : मी करवंटी ठेवणार हां, बाबा. तुमच्या दोन आहेत त्यांच्या बाजूला.

धोंडू : ठेव. पण आधी तो पिठाचा डबा घे खाली. कालचं पुरं कर. त्याशिवाय तवा गॅसवर चढायचा नाय.

अपूर्वा : आत्ता? सकाळी साडेनऊला? शर्मिष्ठाची आई येईल भांडायला.

धोंडू : येऊ दे. तिला पण घावणे देऊ. चल, तिट कत.

अपूर्वा : तिट कत गदि... गन. धा!

धोंडू : आलं. अगदी तिथेच आलं. हां, आता दे तो तवा.

अपूर्वा : पुढच्या शनिवारी याल ना? दोघांनीही या.

सुगंधा : मला कुठल्या उंच स्टुलावर बसवू नकोस म्हणजे झालं. पाय लटकतात.

अपूर्वा : पुढचं टेबल ठेवते. खुर्च्यावालं.

धोंडू : आणि नारळ? आणू, की नको?

अपूर्वा : आणा. फक्त खाली ठेवायला आईकडून एक चुंबळ करून घ्या, म्हणजे गडगडणार नाही.

सुगंधा : जुन्या साडीची करते. घट्ट.

अपूर्वा : आणि बाबा, गेटवर कोणी विचारलं, तुम्ही कोण, तर काय सांगाल?

धोंडू : सांगेन, ड्रमवालीचा बाप. पण तू हात थांबवू नको.