तीन मजली चहा

मी चहा ओट्यापाशी उभा राहून का पितो, सांगतो. गोमती नगरातल्या एका ऑफिसच्या तीन मजली भिंतीवर बायकोचं वहीएवढं जलरंगातलं अमूर्त चित्र टाइल्समध्ये करायचं होतं. ते पाठवायच्या सकाळी मी त्यावर कप ठेवला आणि गप्प बसलो.

भिंत बघायला गेलो, तर कोपऱ्यात भलंमोठं तपकिरी कडं. बायको तोडायला सांगणार, एवढ्यात मिस्त्री म्हणाला, “मैडम, यही सबसे मुश्किल था. रंग नहीं मिल रहा था, तीन बार उखाड़ा.”

तिने माझ्याकडे पाहिलं. मग त्याला म्हणाली, “बहुत सही पकड़ा है, भैया. रहने दीजिए.”

गाडीत मला म्हणाली, “रंग हुबेहूब आलाय. तुझा चहा एवढाच पांचट असतो.”