तात्यांचा आपोआप लागणारा अँप

माझ्या वायरिंगला नावं ठेवताय ना, मग काळाचौकीच्या तात्यांचं ऐका.

तात्या आमचे चाळीतले शेजारी. संपात गिरणी गेली, पुढे चाळ पाडून टॉवर झाला आणि तात्या सोळाव्या मजल्यावर एकटेच राहायला गेले. गिरणीतल्या साच्यांच्या, म्हणजे मागांच्या खडखडाटात कान कधीच गेलेले. समोरच्याचे ओठ बघून बोलणं ओळखायचे. तरी मुलाने दुबईहून होम थिएटर पाठवलं. ऐकू येवो न येवो, मुलाच्या वस्तूचा दिवा लागलेला त्यांना हवा असायचा. पण टीव्ही लावला की स्पीकरचा अँप, म्हणजे अँप्लिफायर, लावायचं विसरायचे. म्हणून मी रिले बसवला. टीव्हीने करंट ओढला की अँप आपोआप चालू!

पहिल्याच संध्याकाळी घोटाळा. माझ्याकडून आवाजाचं बटण फुल्ल राहिलेलं. तात्यांनी टीव्ही लावला आणि पाचही स्पीकर असे बोंबलले, की मजल्यावरचे तिन्ही बंद दरवाजे धडाधड उघडले. सगळे तात्यांच्या दारात. "अहो काका, आवाज!" तात्यांनी त्यांना आत बसवून चहा पाजला.

दुसऱ्या दिवशी मी ओशाळून गेलो. त्यांच्यासमोर उभं राहून सावकाश म्हणालो, "तात्या, चुकलं माझं. आवाज कमी करून बटणावर चिकटपट्टी मारून देतो."

तात्यांनी माझा हातच धरला.

"नको रे! माका खय आयकाक येता? पण दोन वर्सांत पयल्यांदाच माझ्या दारार माणसां इली."