कुलपातला फोटो

एक्स-रेच्या खोलीबाहेर निवृत्त गुरुजी दुखरा हात गळ्यात अडकवून बसले होते. चाचणीला आलेल्या नव्या डिजिटल मशीनवर पहिला फोटो त्यांच्याच मनगटाचा निघाला होता. दार उघडंच होतं.

“बघा मॅडम, हाडाची रेघ न् रेघ दिसतेय!” मशीनचा विक्रेता आत डॉक्टरीणबाईंना म्हणाला.

“दिसतेय खरी. आता हाच फोटो आमच्या जुन्या कॉम्प्युटरवर उघडा.”

“तो फक्त आमच्याच प्रणालीत उघडतो, मॅडम.”

“गुरुजींना उद्या दुसऱ्या दवाखान्यात दाखवायचाय. तिथे?”

“त्यांनीही आमचीच प्रणाली घेतली, तर प्रश्नच मिटला!”

“अगं, खरेदीवर सही करून टाक,” दवाखान्याचे अध्यक्ष वैतागले. “मी यांच्या कंपनीला शब्द देऊन बसलोय.”

“मामा, पेशंटचे फोटो परक्याच्या कुलपात ठेवायला मी सही करणार नाही.”

“तुला डॉक्टर केलं, हीच माझी चूक!”

“मग आता भोगा. आणि तुम्ही हो, मशीन उचला.”

“मॅडम, निदान आमच्या साहेबांशी एकदा बोलून...”

गुरुजींनी दारातून डोकं आत घातलं.

“डॉक्टरीणबाई, माझा फोटो जुन्याच मशीनवर पुन्हा काढा. उद्या तो माझ्याबरोबर यायला हवा.”