सोमेशचं रिकामं पान

हॅलो? …कोण, मंजू? आजोबाच बोलतोय. ताप उतरला का गं? …हाव, येळवस झाली, अमावस्येची शेतपूजा उरकली. आत्ताच शेतातून घरी आलो.

…सांगतो, सांगतो. आधी डोळे मीट. कल्पना कर, तू नांदेडला अंथरुणात न्हाईस, रेणापुरात आपल्या शेतात आहेस. पूजेसाठी उभारलेली कडब्याची कोप, तिच्यासमोर पंगत. भाज्या-डाळींच्या भज्जीचा वास येऊन राहिलाय. …आला? बरं.

पंगतीत तुझे दोन्ही मामा. …हो, संगमेशही. परवाच आखातातनं आला. उजवा हात प्लास्टरमध्ये. …अगं, त्यांच्या बंदरात तेलाच्या टाकीवर रॉकेट पडलं. त्याचा तुकडा हातात घुसला. …ऐक ना, त्या तुकड्याचा फोटो आहे त्याच्या मोबाईलमध्ये. त्यावर एक शिक्का आहे.

…कुठला म्हणजे? सोमेशमामानं मागच्या वर्षी तुम्हा पोरींना त्याच्या कारखान्याच्या टोप्या आणल्या होत्या ना, त्यांच्यावरचा तोच. संगमेशच्या अक्षरानं बघताक्षणी ओळखला. तिच्या बापाचा हात तो.

…न्हाई गं, सोमेशनं मुद्दाम न्हाई मारलं. नीट समजून घे. संगमेशच्या बंदरातलं तेल जहाजानं जातं सोमेश राहतो त्या देशात. त्यावर त्याचा कारखाना चालतो. कारखान्यातली रॉकेटं परत येतात तेलवाल्यांकडं. त्यांनाही विकतात, त्यांच्या वैऱ्यालाही. …हाव, दोघांनाही. …कारण एकानं घेतलं की दुसऱ्याला घ्यावंच लागतं. बरोबर, शाणी माझी.

…भांडले तर! सोमेश म्हणाला, मी नुसते नट तपासतो, आणि आमची रॉकेटं नसती तर तुमच्या टाक्या कुणी राखल्या असत्या? संगमेश म्हणाला, आमचं तेल नसतं तर तुझं मशीन फिरलं असतं का? एकमेकांवाचून भागत न्हाई हे दोघांनाही कळत होतं, त्याचाच राग.

…अक्षरा? तीच वाढत होती. सगळ्यांना वाढलं, सोमेशचं पान रिकामं. आजीनं सांगून बघितलं, पोरगी हलली न्हाई. …उठून कसा जाईल? येळवशीला शेतातनं वाटसरूसुद्धा उपाशी जात न्हाई. घरचा लेक उठला असता तर सगळ्या शिवाराला कळलं असतं.

…मी? मी मास्तर माणूस, तिला थांबवायला पाहिजे होतं. न्हाई थांबवलं. खरं सांगू, ते रिकामं पान बघून मला बरं वाटलं. …हो, सोमेशही माझाच लेक. म्हणून तर जास्त राग.

मग तिनं संगमेशचं भरलेलं पान उचलून सोमेशपुढं ठेवलं. म्हणाली, "काका, बाबांना भरवा. त्यांना उजव्या हातानं जेवता येत न्हाई."

…भरवलं. सगळ्यांदेखत. पहिला घास खाली सांडला. दुसऱ्याला संगमेशनं तोंडच उघडलं न्हाई, तोही चिडलेला. …हाव, लई वेळ. पोटात भूक, समोर भज्जी, अन् घास भावाच्या तोंडात. मध्येच सोमेश म्हणाला, आता पुरे. अक्षरा म्हणाली, अजून बाजरीचा उंडा राहिलाय.

बरं मंजू, ठेवतो. तुझी आजी हाक मारून राहिलीय… काय? मग अक्षरानं काय केलं? …अगं, सोमेशपुढं नवं पान मांडलं. आंबील वाढली, भज्जी वाढली. समोर मांडी घालून बसली आणि म्हणाली, "जेवा काका. रात्री परत भरवायचंय."