मावशींना विचारलं तेव्हा

चौऱ्याहत्तर साली माझी बायको गेली. रविवारी घरात बसवेना, म्हणून सोलापूरच्या चित्रसंग्रहालयात गेलो. तिथे एक बाई दहा-बाराजणांना बरोबर घेऊन चित्रं दाखवायच्या. दाराशी रांगेत माझ्यापुढे जवळच्या कुंभारी गावचं वयस्कर जोडपं होतं. नवरा पुढे, बायको बरीच मागे.

"निंगव्वा, बरोबरीनं चल की. मागं राहिलीस तर आत तुला काय दिसंल?"

"तुमची पाठ. जन्मभर तीच बघतीय."

"आज चित्रं बघायला आलोय."

"गावातलं कुणी बघितलं तर?"

"बघू दे."

"मग तुमीच सांगा, ही माझं ऐकत न्हाय म्हणून."

"सांगतो की. खोटं कुटं हाय?"

ती हसत त्याच्या शेजारी आली. आत पहिलंच चित्र विहिरीवरच्या बाईचं होतं. दाखवणाऱ्या बाईंनी विचारलं, "मावशी, यात तुम्हाला काय दिसतं?"

नवरा म्हणाला, "त्यात काय, पाण्याला आलेली बाई..."

"अहो, मला विचारलंय त्यांनी."

"व्हय, व्हय. तू सांग."

"सांगते की. आदी बघू तर द्या."

ती निवांत बघत राहिली. आम्ही सगळे थांबलो.