आमच्या सरांचा रिझल्ट

व्यायामाच्या क्लासचा विषय काढलाच आहेस, तर आमच्या विक्रांत सरांचं ऐक. कर्वेनगरला आमच्या सोसायटीच्या हॉलमध्ये ते सकाळी सहाला एरोबिक्स घ्यायचे. म्हणजे सहा ही आमची वेळ. सर उगवायचे साडेसहाला, आणि हॉलची किल्ली त्यांच्याच खिशात. मला सव्वासातला हिंजवडीची कंपनीची बस गाठायची असायची, त्यामुळे माझा जीव नुसता खालीवर.

एकदा विचारलंच मी, "सर, आज काय झालं?"

"अहो, ट्रॅफिक."

सर राहायचे मागच्या गल्लीत. तिथे त्या वेळी ट्रॅफिक म्हणजे एक दूधवाला.

शेवटी तळमजल्यावरच्या गोखले काकू वैतागल्या. आयुष्यभर शाळेत शिकवलेल्या बाई त्या. म्हणाल्या, "नुसतं उभं राहून पाय दुखतात. चला, जिना चढू." मग रोज सर येईपर्यंत आम्ही सगळ्याजणी चार मजले चढायचो आणि उतरायचो. सर आले की हॉलमध्ये जरा हात हलवतो न हलवतो, तोच माझी निघायची वेळ व्हायची.

दिवाळीपर्यंत माझं वजन चक्क उतरलं. सरांनी मला सगळ्यांसमोर उभं केलं आणि म्हणाले, "बघा, याला म्हणतात रिझल्ट. माझ्या क्लासला नियमित येतात या."

मी दातओठ खात उभी. काकू मागच्या रांगेतून शांतपणे म्हणाल्या, "सर, उद्यापासून तुम्ही सातला या. आम्हालाही बारीक व्हायचंय."